सिकलसेल : रक्त केव्हा चढवावे?

सिकलसेलच्या मुलाला रक्त चढवण्याचे हेतू दोन असतात. घसरलेले हिमोग्लोबिन भरून काढणे हा एक. दात्याच्या निरोगी पेशी मिसळून विळ्याच्या आकाराच्या पेशींचे प्रमाण खाली आणणे हा दुसरा. रक्त किती द्यायचे, कसे द्यायचे आणि किती काळ देत राहायचे, हे हेतूवर ठरते.

मूळ दोष अगदी लहान आहे. बीटा ग्लोबिन साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. ऑक्सिजन सोडल्यावर असे हिमोग्लोबिन लांब तंतूंत जुळते, पेशी ताठरून वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही दहा ते वीस दिवसांतच फुटते. त्यामुळे 'एसएस' (आई-वडील दोघांकडून हा दोष आलेल्या) मुलाचे हिमोग्लोबिन कायमच कमी असते आणि शरीर त्याला सरावलेले असते. नुसता आकडा कमी आला म्हणून पिशवी लावणे चूक. हातपाय-कंबर दुखण्याचा झटका आला तरी निव्वळ त्यासाठी रक्त लागत नाही. तिथे वेदनाशामके आणि पुरेसे पाणी हाच उपचार. उलट हिमोग्लोबिन एकदम १० ग्रॅमच्या वर नेले, तर रक्त दाट होऊन वाहिन्या तुंबण्याचा धोका वाढतो.

काही प्रसंगी मात्र रक्ताला पर्याय नाही. लहान मुलांत अचानक बरेचसे रक्त प्लीहेत अडकून पडते. मूल पांढरेफटक पडते, पोट फुगते आणि काही तासांत जीव धोक्यात येतो. म्हणून डाव्या बरगडीखाली बोटांनी प्लीहा चाचपायला आईवडिलांना शिकवतात. अशा वेळी रक्त तातडीने, पण थोडे थोडे द्यावे लागते, कारण अडकलेले रक्त नंतर सुटून परत अभिसरणात येते आणि हिमोग्लोबिन अपेक्षेपेक्षा जास्त चढते. पार्वोव्हायरस बी-१९ च्या संसर्गाने अस्थिमज्जेचे काम काही दिवस थांबले किंवा छातीत गुंतागुंत होऊन ऑक्सिजन घसरू लागला, तरीही रक्त द्यावे लागते.

रक्ताचा सर्वांत ठोस उपयोग सिद्ध झाला तो मेंदूच्या बाबतीत. उपचार न मिळालेल्या 'एसएस' मुलांपैकी सुमारे ११ टक्क्यांना विशीपर्यंत पक्षाघाताचा झटका येतो, असे अमेरिकेतील पाहणीत दिसले होते. धोका आधी ओळखता येतो तो ट्रान्सक्रॅनियल डॉपलर तपासणीने. कानशिलावर जेल लावून सोनोग्राफीसारखा प्रोब टेकवतात आणि मेंदूच्या मोठ्या धमन्यांतला रक्ताचा वेग मोजतात. ना सुई, ना किरणोत्सर्ग. मूल जागे आणि शांत हवे, एवढीच अट. झोपेत कार्बन डायऑक्साइड वाढून वेग खोटाच जास्त येतो. सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक वेग म्हणजे मोठा धोका. अमेरिकेत अशा १३० मुलांवर झालेल्या 'स्टॉप' चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. नियमित रक्त देऊन सिकल हिमोग्लोबिन ३० टक्क्यांखाली ठेवलेल्या गटात पक्षाघात एकाला झाला, दुसऱ्या गटात ११ जणांना. फरक इतका उघड होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. पुढच्या चाचणीत काही मुलांचे रक्त बंद करून पाहिले, तर अनेकांचा वेग पुन्हा वाढला आणि दोघांना पक्षाघात झाला.

म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनी पिशवी, तीही वर्षानुवर्षे. त्याची किंमत शरीर मोजते. एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह येते आणि जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. ते यकृतात व हृदयात साठते. मग डेफेरासिरॉक्ससारखी लोह काढणारी औषधे सुरू करावी लागतात. दुसरा त्रास प्रतिपिंडांचा. एबीओ आणि आरएच-डी जुळले तरी सी, ई, केल हे प्रतिजन न जुळल्यास प्रतिपिंडे तयार होतात, आणि रक्त दिल्यावर काही दिवसांनी मुलाच्या लघवीचा रंग गडद होतो व हिमोग्लोबिन आधीपेक्षाही खाली जाते. म्हणून शक्यतो पहिल्या पिशवीआधीच सविस्तर रक्तगट तपासून ठेवावा.

यातून काही मुलांची सुटका हायड्रॉक्सियुरियाने झाली. या गोळीने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढते. निदान वर्षभर रक्त घेतलेल्या आणि मेंदूच्या धमन्या फारशा अरुंद न झालेल्या मुलांना या गोळीवर आणता येते, हे २०१६ च्या 'ट्विच' चाचणीने दाखवले. पक्षाघात होऊन गेलेल्यांसाठी मात्र रक्तच सरस ठरले. भारतीय मुलांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मुळातच जास्त, म्हणून इथला आजार सौम्य, असे पूर्वी धरले जाई. नागपुरातील मुलांच्या अभ्यासांनी तो समज सरसकट खरा नाही हे दाखवले. विदर्भापासून नंदुरबारपर्यंतच्या पालकांनी म्हणूनच प्रत्येक पिशवीची तारीख, रक्तगट आणि प्रतिपिंडांची नोंद जपून ठेवावी, आणि दवाखाना बदलला तर ती आधी दाखवावी.