आतला ताप आणि बाहेरची जखम

पहाटे पाचच्या सुमारास वस्तीबाहेरच्या रस्त्यावर बुटांचा आवाज सुरू होतो. पोलीस भरतीची तयारी करणारी आपलीच मुले-मुली. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. कुणाच्या पायात भावाचे बूट, कुणाच्या पायात दोन नंबरांनी मोठे. या मुलांकडून आमच्याकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतो : "अंगात ताप आहे, पण मैदानी चाचणी परवा आहे. पळू का?" कधी तापाच्या जागी नडगीचे दुखणे असते, कधी गुडघा, कधी पडून सोललेला कोपर. आईवडिलांचा प्रश्न थोडा वेगळा असतो. "सहन केल्याशिवाय काही मिळतं का हो?"

या दोन्ही प्रश्नांवर बोलायला आम्हाला एका बाईची गोष्ट फार उपयोगी वाटते. बाई ब्रिटनच्या, खेळ आपल्याकडे फारसा माहीत नसलेला. पण तिच्या तीन शर्यतींत वरचे सगळे प्रश्न आले आहेत.

खेळाचे नाव ट्रायथलॉन. आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे, आणि हे सगळे एका दमात. कपडे बदलायला लागणारा वेळसुद्धा घड्याळात धरतात. त्यातली सर्वांत नावाजलेली शर्यत म्हणजे आयर्नमॅन. ३.८ किलोमीटर समुद्रात पोहायचे, १८० किलोमीटर सायकल मारायची, म्हणजे मुंबईहून निघून नाशिकच्याही पुढे जायचे, आणि तिथे उतरून ४२.२ किलोमीटर धावायचे. १९७८ साली हवाई बेटांवर ती पहिल्यांदा झाली तेव्हा १५ जण उतरले होते आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. २०१९ पासून गोव्यातही तिची अर्ध्या अंतराची शर्यत होऊ लागली. यातल्या चांगल्या सायकलींची किंमत लाखांत असते, त्यामुळे हा खेळ उद्या आपल्या गल्लीत येईल असे आम्ही म्हणत नाही. शरीर मात्र सगळ्यांचे सारखेच असते.

क्रिसी वेलिंग्टन ही लहानपणापासून खेळाडू म्हणून घडवलेली मुलगी नव्हती. ती ब्रिटिश सरकारच्या पर्यावरण खात्यात नोकरी करत होती. मग ती नेपाळमध्ये गेली आणि तिथे गावांच्या पाणीपुरवठ्याच्या आणि स्वच्छतेच्या कामात राहिली. चवदार तळ्याची हकिकत ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, त्यांना पाण्याचे काम म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. २००७ साली, तिशीत, तिने पूर्णवेळ खेळायचे ठरवले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाईतल्या कोना गावची जागतिक स्पर्धा जिंकली. तिचे नाव त्याआधी कुणी फारसे ऐकलेही नव्हते.

पुढच्या वर्षी, २००८ मध्ये, ती सायकलच्या टप्प्यात पुढे असताना चाक पंक्चर झाले. त्या शर्यतीत सोबत पंक्चरवाला नसतो आणि पंपही फार कुणी बाळगत नाहीत. बोटाएवढ्या नळकांडीत दाबून भरलेला गॅस असतो, तो ट्यूबमध्ये सोडला की चाक क्षणात फुगते. तिने ट्यूब बदलली, पण गॅस सोडताना चूक झाली आणि तो हवेत उडून गेला. आता रस्त्याच्या कडेला उभे राहण्यावाचून इलाज नाही. मागच्या बाया एकेक करून पुढे जात होत्या. शेवटी रिबेका कीट या ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धकाने जाता जाता आपल्याकडची नळकांडी तिच्याकडे फेकली. जिच्याशी शर्यत आहे तिलाच दिली! दहाएक मिनिटे गेली होती. वेलिंग्टनने ती भरून काढली आणि ९ तास ६ मिनिटांत शर्यत जिंकली. सामानाची अडचण ही अशी असते. राग येतो, वेळ जातो, पण शरीराला धक्का नसतो. तिथे जिद्द धरायला हरकत नाही.

२०१० ची गोष्ट वेगळी आहे, आणि आम्हाला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या वर्षीही ती जिंकणार असे सगळे धरून चालले होते. शर्यतीच्या दिवशी सकाळी तिने कळवले की आजारी आहे, उतरणार नाही. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नव्हते. हातपाय धड, अंगावर ओरखडा नाही. मग कुजबुज झाली की घाबरली असेल. नंतर तपासण्यांत घशाचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया आणि डासांमुळे होणारा वेस्ट नाईल विषाणूचा ताप असे एकावर एक निघाले. त्या अवस्थेत ती नऊ तास उन्हात राबली असती तर काय झाले असते, याचा विचारच केलेला बरा नाही. आणि बरी झाल्यावर, सव्वा महिन्याने, तिने अमेरिकेतल्या ॲरिझोनाची आयर्नमॅन ८ तास ३६ मिनिटांत जिंकली. शरीर शाबूत ठेवले म्हणूनच ते जमले.

आता २०११. कोनाच्या शर्यतीला दोन आठवडे उरले असताना सरावात सायकलवरून ती जोरात पडली. डाव्या बाजूची कातडी सोलून निघाली, जखमा चिघळल्या, औषधे सुरू करावी लागली. छातीचे स्नायूही दुखावलेले. या वेळी मात्र ती उतरली. पोहताना हात नीट ओढता येईना, त्यामुळे पाण्यातून बाहेर यायलाच तासाच्या वर लागले. सायकलवरून उतरली तेव्हाही ती खूप मागे होती. मग मॅरेथॉन २ तास ५२ मिनिटांत धावून तिने एकेकीला गाठले आणि ८ तास ५५ मिनिटांत, मिरिंडा कार्फ्रेच्या तीन मिनिटे आधी, रेषा ओलांडली. ही तिची कोनातली चौथी आणि शेवटची जिंक.

सांगणारे लोक नेहमी २०११ ची गोष्ट सांगतात. जखमा दिसतात, फोटो निघतात, टाळ्या पडतात. आम्ही मुलांना दोन्ही वर्षे एकत्र सांगतो. २०११ मध्ये कातडी सोलली होती, पण हृदय आणि फुप्फुसे ठीक होती आणि डॉक्टरांचे उपचार झाले होते. २०१० मध्ये कातडी ठीक होती आणि आत आग होती. बाहेरची जखम भयानक दिसते म्हणून माणूस थांबतो, आतला ताप दिसत नाही म्हणून पळतो. खरे तर बहुतेक वेळा उलटे करायला हवे.

कारण असे. विषाणूचा ताप कधी कधी हृदयाच्या स्नायूंवरही सूज आणतो. साधारणपणे ती आपोआप उतरते आणि माणसाला कळतही नाही. पण त्याच दिवसांत जीव तोडून पळाले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. भरतीच्या मैदानावर तरणीताठी मुले कोसळल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. प्रत्येक वेळी कारण हेच असेल असे नाही, उन्हाचाही त्यात वाटा असतो, पण तापात पळणे हा जाणूनबुजून ओढवलेला धोका आहे. ढोबळ खूण सांगायची तर, नुसते नाक वाहते, शिंका येतात, ताप नाही, तर हलके पळायला चालते. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, धाप, जुलाब यांपैकी काहीही असेल तर पळणे बंद. ताप गेल्यावरही दोन-तीन दिवस नुसते चालावे. छातीत दुखले, धडधड झाली, चक्कर आली तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मैदानावर पाऊल नको.

आणखी एक वाईट सवय. चाचणीच्या आदल्या रात्री मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून खायची आणि सकाळी पळायचे. पावसाळ्यात ताप डेंग्यूचा असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. घाम जाऊन अंग कोरडे पडले असताना याच गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. तापाला पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या प्रमाणात. आणि गोळीने ताप उतरला म्हणजे आजार गेला असे नव्हे.

पडून खरचटले तर जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने नीट धुवावी, खडी-माती राहू देऊ नये. चुना, राख, टूथपेस्ट, रॉकेल यांतले काही लावू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन अलीकडे घेतलेले नसेल तर लवकरात लवकर सरकारी दवाखान्यात जाऊन घ्यावे. जखमेभोवती लाली पसरली, पू आला, ताप भरला तर ती आता बाहेरची जखम राहिली नाही. नडगी दुखते तेव्हा बोटाने दाबून पाहा. सगळीकडे ठणकत असेल तर सराव कमी करून, बूट बदलून उतरते. एकाच बिंदूवर कळ येत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. ती पळून बरी होत नाही.

उन्हाचेही सांगून ठेवतो. २०१६ साली मेक्सिकोतल्या कोझुमेल इथे ब्रिटनचा जॉनी ब्राऊनली हा ट्रायथलॉनपटू सर्वांच्या पुढे असताना शेवटच्या काही शे मीटरवर झोकांड्या खाऊ लागला. मागून आलेल्या थोरल्या भावाने, ॲलिस्टरने, स्वतःची शर्यत सोडून त्याला खांद्याला धरले आणि रेषेपार ढकलले. ऑलिम्पिकचा पदकविजेता होता तो. उष्णता पदक पाहत नाही. सराव पहाटेच करा, पाण्यात मीठ-साखर घाला : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घाम गाळून नुसते पाणी लिटरच्या लिटर ढोसणेही बरे नाही, रक्तातले मीठ पातळ होते. पळताना कुणी बरळायला लागला, पाय वाकडे पडायला लागले, तर त्याला "चल, थोडंच राहिलंय" म्हणू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, दवाखान्यात पोहोचवा.

"बाबासाहेबांनी नाही का आजारपणात काम केलं?" असे आम्हाला ऐकवले जाते. केले. मधुमेह आणि सांध्यांचे दुखणे सोसत ते शेवटच्या दिवसांपर्यंत 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथावर काम करत राहिले. पण ते इन्सुलिन घेत होते, डॉक्टरांचे उपचार चालू होते. आजार लपवून ठेवा, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

आणि तथागतांच्या काळातला सोण भिक्खू आठवावा. श्रीमंताघरचा, नाजूक पायांचा. चंक्रमण करून करून त्याचे पाय फुटले, वाट रक्ताने भरली. बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांचे विचारले : फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर सूर लागतो का? ही गोष्ट विहारात आपण ऐकलेली असते. पुढचा भाग कमी सांगितला जातो. बुद्धांनी सोणला पायात घालायला साधी पादत्राणे वापरायची परवानगी दिली. सोण म्हणाला, सगळ्या भिक्खूंना मिळणार असतील तरच मी घालीन. मग ती सगळ्यांनाच मिळाली. पायांत बूट असणे हा चैनीचा भाग नाही, हे संघाने त्या काळी मान्य केले होते. आपल्या मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतून भरतीच्या मुलांसाठी मापाच्या बुटांचे चार जोड घ्यायला काय हरकत आहे?

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. वेलिंग्टन २०१० मध्ये थांबू शकली, कारण थांबल्याने तिच्या घरची चूल विझणार नव्हती. आपल्याकडे तापात कामावर जाणे ही हौस नसते, खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी जाते. भरतीचेही तसेच, वय उलटून गेले की संधी गेली. म्हणून "पळू नको" एवढे सांगून आमचे काम संपत नाही. ताप असलेल्या मुलाने सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून घ्यावे, दाखला घ्यावा आणि चाचणीच्या ठिकाणी दुसरी तारीख मिळावी म्हणून लेखी अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यावी. मान्य होईलच असे नाही. अर्ज लिहायला कुणाला अडचण असेल तर रविवारी वंदनेनंतर विहारात भेटावे, बसून लिहून देऊ.