घरातील हवा

शेवगावच्या परिसरात कापूस पिकतो. वेचणी संपली, की वाळलेल्या पऱ्हाट्या सरपण म्हणून घरी आणतात. आता पुष्कळ घरांत गॅस आला आहे. तरी काही घरांत चूल पेटतेच. चुलीवर बाजरीची भाकरी छान भाजते, पण घर धुराने भरते. आई डोळे पुसते, आजी खोकते. थोड्या वेळाने धूर दिसेनासा होतो. पण तो खरोखरच गेलेला असतो का?

धुरात अतिशय बारीक कण असतात. आपला केस सुमारे ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. हे कण अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. नाकातील केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसांत खोलवर जातात. सर्वांत बारीक कण तर रक्तातही मिसळतात. त्यामुळे रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे मरण पावली. त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मृत्यू हृदयविकाराने झाले.

हवा शुद्ध करण्यासाठी 'एअर प्युरिफायर' नावाचे यंत्र मिळते. त्यातील पंखा हवा ओढतो आणि दाट गाळणीत कण अडकतात. चीनमधील शांघाय शहरात ५५ निरोगी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. त्यांच्या खोल्यांत नऊ दिवस खरे यंत्र व नऊ दिवस बिनगाळणीचे यंत्र ठेवले. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशुद्ध हवेत विद्यार्थ्यांचा रक्तदाब आणि रक्तातील साखर वाढलेली आढळली.

मग प्रत्येकाने यंत्र घ्यावे का? ते महाग असते. त्याला वीज लागते, गाळणी बदलावी लागते. शिवाय कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अशा गाळणीत अडकत नाही. घरात धूर करून यंत्र लावणे म्हणजे गळक्या छपराखाली बसून अंग पुसणे होय.

म्हणून आधी धूर कमी करावा. शक्य असेल तर गॅस वापरावा. चूल अंगणात मांडावी किंवा तिला धुराडे बसवावे. ओले सरपण जाळू नये. बंद खोलीत लोबान, अगरबत्ती किंवा डासांची कॉइल जाळू नये.

आजी खोकली, की आपण तिला पाणी देतो. आता खिडकीही उघडू या!

शब्दार्थ
पऱ्हाट्या – कापसाची वाळलेली झाडे
सरपण – जळणाची लाकडे
मायक्रॉन – मिलिमीटरचा हजारावा भाग
धुराडे – धूर बाहेर जाण्याची नळी

प्रश्न
१. धुरातील बारीक कणांचा हृदयावर कोणता परिणाम होतो?
२. तुमच्या घरात धूर कशाकशामुळे होतो? तो कमी करण्याचे दोन उपाय लिहा.