पाणंदीतून महामार्गाकडे : दुचाकीची निवड

‘स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, पण वैद्यकीय नको,’ असा आमच्या संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा प्रथम संकोच वाटला. शस्त्रक्रियेव्यतिरिक्त ज्या विषयावर मी अधिकाराने बोलू शकेन असे माझ्याजवळ आहे तरी काय? सौभाग्यवतींनी, म्हणजे आमच्या घरातील बालरोगतज्ज्ञांनी, लगेच उत्तर दिले, “तुमच्या गाडीबद्दल लिहा. निदान दुसऱ्या कोणाचे मनगट तरी वाचेल.” या वाक्यामागील इतिहास सांगणे क्रमप्राप्त आहे.

जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यातील काही वाड्यांवर आम्ही काही मित्र बऱ्याच वर्षांपासून दरमहा एका रविवारी रुग्ण तपासण्यास जातो. मलप्रभेचा उगम जेथे होतो त्या कणकुंबीच्या परिसरात पाऊस किती कोसळतो, हे बेळगावकरांना सांगावयास नको. जून ते ऑक्टोबर या काळात मोटार मुख्य रस्त्यावर सोडावी लागते. पुढे तीन-चार किलोमीटर लाल चिखलाची गाडीवाट, मध्ये एखादा ओढा आणि जांभ्याचे उघडे पडलेले खडक. त्यासाठी म्हणून २०१८ साली मी एका परिचिताकडून दोन सिलिंडरांची, सव्वादोनशे किलोच्या घरातील एक मोठी जुनी दुचाकी घेतली. छायाचित्रांत तिच्यावर बसलेले स्वार वाळवंटे ओलांडताना दिसत. मीही तसाच दिसेन, अशी सुप्त इच्छा नव्हती असे म्हणणार नाही.

जुलै २०१९ मधील एका रविवारी, ताशी पाच किलोमीटरही वेग नसताना, एका पाणंदीच्या वळणावर ती कलंडली. डावा पाय टेकवू गेलो तर खाली जमीन नव्हती, चाकोरी होती. पडताना उजवा हात पुढे केला आणि स्कॅफॉइडचा अस्थिभंग झाला. या हाडाचा रक्तपुरवठा किती कंजूष असतो हे वाचकांतील डॉक्टर जाणतातच. इतरांसाठी एवढेच सांगतो की, जवळजवळ तीन महिने मी शस्त्रक्रियागृहात पाऊल टाकले ते केवळ पाहण्यासाठी. शल्यचिकित्सकाचा उजवा हात प्लास्टरमध्ये असणे म्हणजे काय, हे त्या तीन महिन्यांत घरातील सर्वांनी अनुभवले. दोष त्या गाडीचा मुळीच नव्हता. ज्या कामासाठी ती घडविलेली नव्हती, ते काम मी तिच्यावर लादले होते.

पुन्हा दुचाकी घेण्यास अनुमती मिळाली ती २०२२ मध्ये, तीही अटींसह. या मधल्या काळात मी या विषयाचा जो अभ्यास केला, त्याचे सार येथे मांडतो.

प्रथम स्वतःशी प्रामाणिक हिशोब करावा. आडवाटेवर चालणारी आणि प्रसंगी डांबरी रस्त्यावरही चालणारी, असे आपण म्हणतो तेव्हा ‘प्रसंगी’ म्हणजे किती? बहुतेक जण वर्षातील नव्वद टक्के प्रवास महामार्गावर करतात आणि उरलेल्या दहा टक्क्यांच्या स्वप्नासाठी गाडी निवडतात. माझे उलट होते. चिखल, खडी आणि खडक हा मुख्य प्रदेश. धारवाड किंवा कोल्हापूर वर्षातून पाच-सहा वेळा. हे प्रमाण एकदा कागदावर मांडले की अर्धे पर्याय आपोआप गळतात.

उरलेल्या पर्यायांत निर्णय करावयाचा तो वजनावर, अश्वशक्तीवर नव्हे. आडवाटेवर गाडी पडतेच. प्रश्न एवढाच की, तिसऱ्यांदा पडल्यावर ती आपणांस एकट्याने उचलता येईल काय? माझे मेस्त्री खानापूरचे. त्यांनी एका वाक्यात सांगितले, “डॉक्टरसाहेब, गाडी उचलता येते काय बघा आधी, मग चालवून बघा.” गाडी उचलण्याची रीतही आहे. कमरेतून वाकून उचलू नये. मणक्यांमधील चकत्यांवर येणारा ताण आपण रुग्णांना रोज समजावतोच. इंजिन बंद करावे, गाडी गिअरमध्ये असावी म्हणजे चाक घरंगळत नाही. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढावा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे पडते. मग आसनाला पाठ लावून, एका हाताने हँडल व दुसऱ्याने मागचा दांडा धरून, पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या बळावर पावलापावलाने मागे रेटत उभे राहावे. हे मी मेस्त्रींच्या अंगणात जुन्या गाद्या पसरून करून पाहिले. दीडशे किलोच्या आसपासची गाडी मी तीनदा उचलली. दोनशे किलोची एकदाच, आणि नंतर बसून पाणी मागितले.

आसनाच्या उंचीबाबत कागदावरील आकडा अर्धसत्य सांगतो. चाकांना वर-खाली होण्यास जितका अधिक वाव, तितकी गाडी उंच; परंतु तितकीच ती स्वाराच्या वजनाने खालीही बसते. सामान्यतः या एकूण वावाच्या चौथा ते तिसरा हिस्सा स्वार बसताच खर्च होतो. त्यामुळे ८२५ मिलिमीटर उंचीची मऊ गाडी ८०० मिलिमीटरच्या कडक गाडीइतकीच आटोपशीर वाटू शकते. आसनाची रुंदीही महत्त्वाची, कारण रुंद आसन मांड्या फाकविते व पाय आखूड करते. सौभाग्यवतींची पहिली अट हीच होती : दोन्ही पायांचे चवडे जमिनीस भक्कम टेकले पाहिजेत. शोरूममध्ये जाताना चिखलात वापरावयाचे बूट घालूनच जावे. सहायकास गाडी धरावयास सांगून पायदांड्यांवर उभेही राहून पाहावे, कारण खडकाळ वाटेवर आपण बसलेले नसतो. उभे राहिल्यावर हँडल धरण्यास वाकावे लागत असेल, तर पन्नाशीच्या पाठीने ते सौदे करू नयेत.

पुढचे चाक २१ इंची का असते, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. मोठे चाक दगडाला कमी उताराच्या कोनातून भेटते, म्हणून ते त्यावर चढते. १७ इंची चाक त्याच दगडावर आदळते. याची किंमत डांबरावर मोजावी लागते. मोठे, अरुंद चाक वळणात थोडे सावकाश झुकते व जमिनीशी त्याचा स्पर्श मर्यादित असतो. लांब वावाच्या शॉकअब्सॉर्बरांमुळे जोरात ब्रेक लावताच गाडीचे नाक खाली जाते. प्रथम हे भीतिदायक वाटते, मग सवय होते. तारांच्या चाकांत बहुधा ट्यूब असते, म्हणजे पंक्चर रानातच काढण्याची तयारी हवी. एक उपयुक्त युक्ती सांगतो : जवळ एकच ट्यूब ठेवावयाची तर पुढच्या २१ इंची चाकाची ठेवावी. अडचणीत ती मागच्या १८ इंची चाकात दुमडून भागविता येते. उलट मात्र जमत नाही.

टायरांबाबत मतभेद फार, पण तत्त्व सोपे आहे. मोठ्या गठ्ठ्यांचे टायर चिखल पकडतात आणि ओल्या डांबरावर घसरतात. गठ्ठ्यांचा डांबराशी होणारा स्पर्शच मुळात थोडा असतो. मी मध्यम गठ्ठ्यांचे टायर वापरतो व पावसाळ्यात महामार्गावर पुढील वाहनापासून दुप्पट अंतर ठेवतो. चिखलात शिरण्यापूर्वी हवा कमी करावी, बाहेर आल्यावर पुन्हा भरावी. छोटा पंप जवळ नसेल तर हवा काढूच नये, कारण मऊ टायरने महामार्ग गाठणे हे निमंत्रण देऊन बोलावलेले संकट होय.

दातांचा विषय दंतवैद्यांचा, परंतु साखळीच्या चक्रांनाही दात असतात. पुढील चक्राचे तेरा व मागील चक्राचे एकोणचाळीस दात असतील तर प्रमाण तीन येते. पुढचा एक दात कमी केला की ते सव्वातीन होते, म्हणजे चढावर खेच आठ टक्क्यांनी वाढते आणि महामार्गावर इंजिन तितकेच अधिक गरगरते. पुढचे चक्र बदलणे हे तासाभराचे काम आहे. म्हणून अधिक शक्तीची, अधिक वजनाची गाडी घेण्यापूर्वी हा स्वस्त उपाय लक्षात ठेवावा. कायद्यानुसार १२५ सीसीवरील गाड्यांना एबीएस असते, आणि डांबरावर ते प्राणरक्षक आहे. मात्र सैल खडीच्या उतारावर मागचे चाक थोडे घसरू देणे आवश्यक ठरते, म्हणून मागचे एबीएस बंद करता येते किंवा नाही, हे आवर्जून विचारावे.

आपल्या देशात या जातीची वंशावळ अलीकडचीच. हीरोची इम्पल्स २०११ साली आली. कल्पना योग्य होती, दीडशे सीसीचे इंजिन मात्र अपुरे पडले. रॉयल एनफिल्डच्या हिमालयनने २०१६ मध्ये बाजार निर्माण केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेली ४५२ सीसीची नवी हिमालयन ४० अश्वशक्तीची व महामार्गावर उत्तम, पण १९६ किलोची. ज्यांचे ‘प्रसंगी’ रस्त्याकडे झुकते, त्यांनी ती घ्यावी. कावासाकीची केएलएक्स २३० डिसेंबर २०२४ मध्ये आली; १३९ किलो, अतिशय लोभस, पण ८८० मिलिमीटरचे आसन माझ्या साडेपाच फुटांस मानवणारे नव्हे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के व त्यावरील गाड्यांवर ४० टक्के जीएसटी असल्याने मोठ्या इंजिनाचा मोह खिशासही जड जातो. एक सावधगिरी : केवळ आडवाटेसाठी विकल्या जाणाऱ्या काही गाड्यांची नोंदणीच होत नाही. त्या टेम्पोत घालून न्याव्या लागतात. आपल्या कामाच्या नाहीत.

मी घेतली ती हीरोची एक्सपल्स २०० फोर व्ही. १५८ किलो, ८२५ मिलिमीटरचे आसन, पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा, पुढे २१ व मागे १८ इंची चाक, १९ अश्वशक्ती. महामार्गावर ताशी ८० ते ८५ किलोमीटरला ती समाधानी असते. त्यापुढे हँडलमधून येणारी थरथर बोटांस मुंग्या आणते. धारवाडला जाताना ट्रक मागून येऊन पुढे जातात. जाऊ द्यावेत. जानेवारी २०२५ मध्ये तिची २१० सीसीची धाकटी बहीण आली. सहा गिअर व सुमारे २४.६ अश्वशक्ती असल्याने तिच्यावर ही तक्रार कमी असावी. आज नव्याने घ्यावयाची असती तर मी तिचा विचार केला असता. वजन मात्र दहा किलोंनी अधिक आहे, म्हणून गाद्या पुन्हा पसरल्या असत्या.

सौभाग्यवतींची दुसरी अट संरक्षक साहित्याची होती. अंदाजपत्रकाचा पाचवा हिस्सा त्यासाठी आधीच बाजूला काढावा : पूर्ण चेहऱ्याचे आयएसआय प्रमाणित शिरस्त्राण, घोट्याच्या वर जाणारे कडक बूट, गुडघ्याचे कवच आणि तळव्याच्या मनगटाकडील भागास घसरती चकती असलेले हातमोजे. आडवाटेवरील इजा वेगाच्या नसतात. मनगट, गळपट्टीचे हाड, गुडघ्याचे स्नायुबंध, घोटा असा त्यांचा क्रम आमच्या बाह्यरुग्ण विभागात दिसतो.

आणि एक. गाडी कोठेही जाऊ शकते म्हणून ती कोठेही न्यावी असे नाही. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, चोर्ल्याच्या पलीकडे म्हादईचे आहे. परवानगीवाचून तेथील वाटांवर शिरणे हा गुन्हा आहे. शेताच्या बांधावरून गाडी घालण्यापूर्वी मालकास विचारावे; लावणीच्या दिवसांत तर विचारूही नये, वळसा घ्यावा.

कोणास बसून पाहावयाची असेल तर गाडी रविवारी सायंकाळी माझ्या दवाखान्याच्या मागील अंगणात असते. बूट घालून यावे. चिखल धुतलेला असेल याची हमी देता येत नाही.