रक्ताच्या एका थेंबाची साक्ष

रात्री दुधाला विरजण लावून आपण निजतो आणि सकाळी दही लागलेले असते. त्या दह्याला आंबटपणा आणणारे जे आम्ल, त्याच जातीचा पदार्थ तीन मजले घाईघाईने चढून गेल्यावर आपल्या मांड्यांत आणि रक्तातही वाढलेला असतो, असे सांगितले तर घरातली मंडळी हसतील. पण गोष्ट खरी आहे. शेले नावाच्या स्वीडनमधल्या औषधे बनविणाऱ्या गृहस्थाने १७८० साली आंबलेल्या दुधातून ते वेगळे काढले, म्हणून त्याचे नाव लॅक्टिक आम्ल. आपल्याकडे त्याचे 'दुग्धाम्ल' असे छान बारसे झाले. रक्तात ते आम्ल म्हणून राहत नाही, लॅक्टेटच्या रूपात फिरते.

या लॅक्टेटवर फार वर्षे एक आळ होता. १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स या दोघांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग केले. प्राणवायूवाचून दमलेल्या स्नायूत हा पदार्थ साचतो आणि प्राणवायू दिला की ओसरतो, असे त्यांना आढळले. झाले! तेव्हापासून थकव्याचे सारे खापर त्याच्या माथी. पहिल्या दिवशी हौसेने शंभर बैठका मारून दुसऱ्या दिवशी पिंढऱ्या धरून बसलेल्या मुलाला घरातले काका आजही सांगतात, "अंगात आम्ल साचलंय, दुखणारच!" काकांचा राग नको, पण ते चुकतात. व्यायाम थांबल्यावर तासाभरात लॅक्टेट बहुधा पूर्वपदावर येते. दुसऱ्या दिवशीचे दुखणे असते ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचे. उलट, हा पदार्थ शरीर मुळीच वाया घालवत नाही. हृदय त्याचे जळण करते आणि यकृत त्यापासून पुन्हा साखर घडवते. या फेऱ्याला ज्यांचे नाव आहे, त्या कोरी पतिपत्नींना १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज ब्रुक्स यांनी, एका स्नायूत तयार झालेले लॅक्टेट दुसरा स्नायू कसे वापरतो, हे पुढे मांडले.

मग ते मोजायचे कशासाठी? शरीर किती जोराने राबते आहे, याची साक्ष ते देते म्हणून. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या रक्तात लिटरमागे एक ते दोन मिलिमोल लॅक्टेट असते. जीव खाऊन चारशे मीटर धावलेल्या पट्टीच्या धावपटूत ते वीसच्याही पुढे जाते.

पूर्वी हे मोजायचे म्हणजे प्रयोगशाळा हवी. आता खिशात मावणारे यंत्र निघाले आहे. मधुमेही मंडळींच्या घरी साखर मोजायचे असते ना, त्याचेच हे भावंड. बोटाला किंवा कानाच्या पाळीला टोचायचे आणि आलेला थेंब पट्टीला लावायचा. पट्टीवरचे लॅक्टेट ऑक्सिडेज नावाचे विकर लॅक्टेटमधले इलेक्ट्रॉन काढून घेते, त्यातून इवलासा विद्युत्प्रवाह वाहतो, आणि प्रवाह जितका अधिक तितका आकडा मोठा. यंत्रागणिक दहा सेकंदांपासून एका मिनिटात उत्तर हजर!

या डबीचा मोठा उपयोग करून घेतला नॉर्वेच्या धावपटूंनी. हेन्रिक, फिलिप आणि याकोब हे तीन इंगेब्रिग्टसेन बंधू २०१२, २०१६ आणि २०१८ साली ओळीने पंधराशे मीटरचे युरोपीय विजेते झाले. धाकट्याने २०२१ साली टोकियोत याच शर्यतीचे ऑलिंपिक सुवर्ण ३ मिनिटे २८.३२ सेकंदांत मिळवले. त्यांच्या सरावाची तऱ्हा ऐकून आपल्या तालमीतले वस्ताद चकित होतील. एक फेरी झाली की थांबायचे, थेंब द्यायचा, आणि आकडा ठरलेल्या मर्यादेपेक्षा चढला असेल तर पुढची फेरी हळू धावायची. दम असूनही हळू! अशा बेताने एकाच दिवशी सकाळ-संध्याकाळ दोनदा सराव झेपतो. १९७६ साली कोलोनच्या माडर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मर्यादा सरसकट चार मिलिमोल धरली होती. पण प्रत्येकाची मर्यादा निराळी असते, हे पुढे ध्यानात आले.

मात्र यंत्र जितके सोपे तितके फसवे. घामात लॅक्टेट रक्तापेक्षा कितीतरी अधिक असते. टोचण्याआधी कातडी नीट पुसली नाही, तर यंत्र धावपटूचे रक्त न मोजता त्याचा घामच मोजते. म्हणून जाणते लोक पहिला थेंब पुसून टाकतात आणि दुसरा घेतात. शिवाय दोन कंपन्यांची यंत्रे एकाच रक्ताचे दोन आकडे सांगतात. तेव्हा आज या यंत्राने आणि उद्या त्या यंत्राने मोजून तुलना करणे म्हणजे एक खण गजाने आणि दुसरा वितीने मोजण्यासारखे.

मैदानावर आकडा चुकला तर फार तर एका दिवसाचा सराव वाया जाईल. रुग्णालयात तसे नाही. जंतुसंसर्ग रक्तात भिनून रुग्णाचा रक्तदाब कोसळतो, तेव्हा डॉक्टर लॅक्टेट पाहतात. सलाइन देऊन आणि रक्तदाब चढविणारी औषधे देऊनही ते दोनच्या वर राहिले, तर २०१६च्या व्याख्येनुसार तो 'सेप्टिक शॉक'. एका आकड्यापेक्षा काही तासांनी तो उतरला की नाही, याकडे त्यांचे डोळे लागलेले असतात. फॅल्सिपेरम जातीच्या तीव्र हिवतापातही पाचच्या वरचे लॅक्टेट धोक्याचे.

पण मला सर्वांत हलवून गेली ती प्रसूतिगृहातली हकीकत. कळा चालू असताना बाळाचे ठोके बिघडले, तर ते खरोखर गुदमरते आहे का, हे कसे ओळखायचे? जन्माला यायच्या आधीच त्याच्या टाळूच्या कातडीला बारीक छेद देऊन रक्त घेतात. त्यातली आम्लता तपासायची जुनी रीत होती; तिला तीस ते पन्नास मायक्रोलिटर रक्त लागे, आणि पुष्कळदा तेवढे मिळतच नसे. लॅक्टेटच्या यंत्राला पाच पुरत. स्वीडनमध्ये सुमारे तीन हजार बाळंतिणींवर या दोन्ही रीतींची तुलना झाली आणि तिचा निकाल २००८ साली प्रसिद्ध झाला. बाळांच्या प्रकृतीत दोन्हींमुळे फारसा फरक पडला नव्हता. पण जुन्या रीतीची तपासणी दर दहांतून एकदा फसत होती, तर नव्या रीतीची शंभरांतून जेमतेम एकदा.

तिथला धोक्याचा आकडा ४.८. त्याच्यावर गेले की शस्त्रक्रिया करून किंवा चिमटा लावून बाळाला लगेच बाहेर काढायचे. खाली असेल तर वाट पाहायची, आईला आणखी थोडा वेळ द्यायचा. हा आकडा ज्या यंत्रावर बसविला, त्याच यंत्रापुरता तो खरा. यंत्र बदलले की सीमारेषा पुन्हा आखावी लागते. टाळूतून रक्त घ्यावेच का, यावरही डॉक्टरांचे एकमत नाही. आणि बाहेर बाकावर बसलेल्या बाळाच्या बापाला यातले काहीच ठाऊक नसते. दार उघडून परिचारिका बाहेर येते, तेव्हा तो तिच्या तोंडाकडे पाहत असतो एवढेच.