आयलाचा धूर

लाफ्रॉइगची बाटली पहिल्यांदा उघडणारा माणूस बहुधा दचकतो. ग्लास नाकाशी नेला की दवाखान्यातलं टिंक्चर, बँडेज, ओली राख, किनाऱ्यावर वाळत पडलेलं शेवाळ असे वास एकदम अंगावर येतात. व्हिस्कीकडून अपेक्षित असलेला मधाळ गोडवा मागे कुठेतरी लपलेला असतो. काही जण तिथंच ग्लास खाली ठेवतात आणि पुन्हा तिच्या वाटेला जात नाहीत. उरलेल्यांना मग दुसऱ्या व्हिस्क्या फिक्या लागू लागतात.

हा वास स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या आयला बेटाचा. वस्ती जेमतेम तीन हजारांच्या आसपास, आणि डिस्टिलऱ्या दहाच्या घरात. बोमोर १७७९ची, लाफ्रॉइग आणि आर्डबेग १८१५च्या, लॅगाव्हूलिन १८१६ची. यातल्या शेवटच्या तिघी दक्षिण किनाऱ्यावर एकाच रस्त्याला आहेत, एकीकडून दुसरीकडे सहज चालत जाता येतं.

धुराचं मूळ गरजेत आहे. सतत वारं झोडपत असलेल्या या बेटावर जळणापुरती झाडी नव्हती. दलदल मात्र अमाप. तिथलं शेवाळ, गवत, हेदरची झुडपं पाण्याखाली अर्धवट कुजत राहिली आणि हजारो वर्षांत त्यांचे थरावर थर बसले. हेच पीट. लोक ते कापून वाळवत, त्यावरच घर उबदार ठेवत आणि त्यावरच माल्ट, म्हणजे मोड आणलेली बार्ली, वाळवत. एकेकाळी हायलँड्समध्येही हीच रीत होती. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, तिच्यासोबत कोळसा आला, आणि मुख्य भूमीवरच्या बऱ्याच डिस्टिलऱ्यांनी पीट हळूहळू सोडलं. आयलापर्यंत रेल्वे येणार कुठून? पुढे बोटींनी इतर इंधन येऊ लागलं तेव्हा गरज संपली होती, पण चव ठरून गेली होती. ब्लेंड करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही आपल्या व्हिस्कीत धुराची किनार आणायला आयलाचीच दारू हवी असे.

लाफ्रॉइग, बोमोर आणि किलहोमन इथे आजही काही माल्ट जुन्या पद्धतीने जमिनीवर तयार होतो. बार्ली पाण्यात भिजवून फरशीवर पसरतात. मटकीला आणतो तसे तिला मोड आणायचे, पण ते गुंतू नयेत आणि ढीग तापू नये म्हणून दिवसरात्र फावड्याने उलथत राहायचं. मोड हवे तेवढे फुटले की ओली बार्ली भट्टीवरच्या जाळीदार फरशीवर जाते आणि खाली पीट पेटतं. इथे खरं कसब आहे. आगीने भडकून चालत नाही. तिने धुमसत राहायचं असतं. दाण्याचा पृष्ठभाग ओला असेतोवरच धूर त्याला धरतो. एकदा दाणा वाळला की कितीही पीट जाळा, उपयोग नाही. म्हणून भट्टीवाला कित्येक तास ज्वाळा दाबत बसतो आणि मगच गरम हवेने माल्ट पूर्ण वाळवला जातो.

धुरातून दाण्याला चिकटणारी द्रव्यं म्हणजे फिनॉल, क्रेसॉल, ग्वायाकॉल आणि त्यांचे भाऊबंद. माल्टच्या दहा लाख भागांत ती किती आहेत यावरून धुराचा आकडा काढतात. लॅगाव्हूलिनचा सुमारे ३५, लाफ्रॉइगचा चाळीसच्या पुढे, आर्डबेगचा ५५च्या आसपास. ब्रुक्लॅडी डिस्टिलरीने आपल्या ऑक्टोमोर मालिकेतल्या एका व्हिस्कीसाठी तो ३०९पर्यंत नेला. शौकिनांच्या बैठकीत या आकड्यांवरून हिरिरीने वाद चालतात. पण हा आकडा माल्टचा आहे, ग्लासातल्या व्हिस्कीचा नव्हे. आंबवणं आणि उकळणं यांत त्यातला मोठा वाटा निघून जातो, पिंपात वर्षं काढताना धूर आणखी निवळतो.

याचा उत्तम पुरावा बेटावरच आहे. लॅगाव्हूलिन आणि कूल ईला या दोघींची मालक कंपनी एक, दोघींना माल्ट पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यातून येतो, धुराचा आकडाही एकच. तरी लॅगाव्हूलिन जाड, तेलकट, पक्व फळांच्या गोडीची, तर कूल ईला स्वच्छ, हलकी, लिंबासारखी तरतरीत. फरक पडतो तांब्याच्या हंड्यांत. लॅगाव्हूलिनचे हंडे पेरच्या आकाराचे. ते जवळजवळ काठोकाठ भरतात आणि सावकाश उकळतात. कूल ईलाचे हंडे उंच, आणि भरताना वर पुष्कळ जागा रिकामी ठेवतात. वाफ तांब्याला अधिक घासते, जड द्रव्यं परत खाली पडतात. शिवाय फिनॉल उकळणीच्या उत्तरार्धात जास्त येतात, त्यामुळे कारागीर धार नेमकी केव्हा तोडतो त्यावर धूर किती उतरणार हे ठरतं. आकड्याला भुलून बाटली निवडणं ही फसगत आहे.

या पुरुषी समजल्या गेलेल्या धंद्यातलं एक मोठं नाव मात्र बाईचं आहे. बेसी विल्यमसन ही ग्लासगोची पदवीधर मुलगी १९३४ साली उन्हाळ्यापुरती टायपिस्ट म्हणून लाफ्रॉइगमध्ये आली आणि तिथलीच झाली. मालक इयन हंटर कमालीचे गुप्तताप्रिय, पण आजारपणात त्यांनी कारभार तिच्यावर सोपवला आणि १९५४ साली मरताना डिस्टिलरीही तिच्याच नावे केली. ब्लेंडसाठी घाऊक माल विकला जायचा त्या काळात आयलाची सिंगल माल्ट स्वतःच्या नावावर खपेल हे तिने ओळखलं आणि अमेरिकेत त्यासाठी जिवाचं रान केलं. १९७२ साली ती निवृत्त झाली. आज धुरकट व्हिस्कीला जे जगभर मानाचं पान मिळतं, त्याचं बरंचसं श्रेय तिला द्यायला हवं.

मान सतत टिकला असंही नाही. ऐंशीच्या दशकात मागणी कोसळली, आर्डबेग १९८१ साली बंद पडली, पोर्ट एलनची डिस्टिलरी १९८३ साली. आर्डबेग १९९७नंतर पुन्हा सावरली. पोर्ट एलनची धुरांडी पेटायला २०२४ उजाडलं.

आता प्रश्न पिटाचाच आहे. दलदलीत पीट वर्षाला सुमारे एक मिलिमीटर वाढतं. म्हणजे मीटरभर खोल कापलेला चर भरून यायला हजार वर्षं. शिवाय या दलदलींनी प्रचंड कार्बन पोटात धरून ठेवला आहे. डिस्टिलऱ्यांनी पीट काटकसरीने जाळणं आणि खणलेली दलदल पुन्हा जिवंत करणं हे त्यांच्याच हिताचं आहे.

आयलाचा हा धूर गोव्यापर्यंत पोचला आहे. कुंकळ्ळीच्या पॉल जॉन डिस्टिलरीची 'बोल्ड' ही सिंगल माल्ट भारतीय बार्लीची असते, पण ती बार्ली आयलाहून आणलेल्या पिटावर धुरावलेली. स्कॉटलंडमध्ये पिंपातली साधारण दोन टक्के दारू दरवर्षी उडून जाते, गोव्याच्या उष्म्यात आठ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे तिथं व्हिस्की फार लवकर पिकते, आणि धुराआडून येणारी गोडीही आयलापेक्षा दाट असते.

पहिल्यांदाच चाखणाऱ्याने बर्फ आणि सोडा बाजूला ठेवावा आणि चमचाभर साधं पाणी घालावं. २०१७ साली स्वीडनमधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी संगणकीय प्रतिमानातून दाखवलं, की थोडं पाणी मिसळलं की धुराच्या वासाचं ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतं. म्हणून आधी नुसता वास घ्यावा, मग घोट.