सलग दोन वर्षं, दोन क्लब, दोन चॅम्पियन्स लीग: कोण आहे पाउलो सोझा?

28 मे 1997. म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगची फायनल. एका बाजूला गतविजेता युव्हेंटस, दुसऱ्या बाजूला जर्मनीचा बोरुसिया डॉर्टमुंड. डॉर्टमुंडच्या मिडफिल्डमध्ये एक पोर्तुगीज खेळाडू होता. गंमत म्हणजे, वर्षभरापूर्वी हीच ट्रॉफी त्याने युव्हेंटसकडून जिंकली होती.

डॉर्टमुंडने मॅच 3-1 अशी जिंकली. सलग दोन वर्षं दोन वेगवेगळ्या क्लबकडून हा चषक जिंकणारा, फ्रान्सच्या मार्सेल डेसायीनंतरचा तो दुसराच खेळाडू ठरला.

त्याचं नाव पाउलो सोझा. आपल्याकडे गोव्यात, मुंबईत डिसोझा आडनाव असतं ना, ते याच पोर्तुगीज नावावरून आलंय.

सोझाचा जन्म 1970 चा, पोर्तुगालमधल्या विझेऊचा. 1989 मध्ये पोर्तुगालने 20 वर्षांखालचा वर्ल्डकप जिंकला, त्या टीममध्ये तो होता. पुढे बेनफिका, स्पोर्टिंग आणि 1994 मध्ये युव्हेंटस. गोल मारणं हे त्याचं काम नव्हतं. बचावफळीच्या पुढे उभं राहायचं, बॉल हिसकावायचा आणि खेळाचा वेग ठरवायचा, हे त्याचं काम.

पण गुडघ्याने दगा दिला. दुखापती वाढत गेल्या आणि 2002 मध्ये, वयाच्या 31 व्या वर्षीच खेळणं थांबलं.

मग तो कोच झाला. 2009-10 मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये त्याच्या स्वान्सीने 46 मॅचमध्ये फक्त 37 गोल खाल्ले, पण मारले फक्त 40. प्ले-ऑफ एका पॉइंटने हुकला. 2014 मध्ये मकाबी तेल अवीव आणि 2015 मध्ये बासेल, दोन्ही टीम त्याच्या हाताखाली आपापल्या देशात चॅम्पियन झाल्या. बासेलने तर लिव्हरपूलला चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमधूनच घरी पाठवलं.

त्याच्यावर सगळ्यात जास्त टीका झाली ती पोलंडमध्ये. 2021 च्या शेवटी, वर्ल्डकपचे प्ले-ऑफ तोंडावर असताना, त्याने पोलंडची टीम सोडून ब्राझीलच्या फ्लेमेंगोची वाट धरली. तिथून सहा महिन्यांच्या आत हकालपट्टी झाली.

पण गडी संपला नाही. 2025 मध्ये त्याने दुबईच्या शबाब अल अहलीला युएईची लीग जिंकून दिली.

खेळाडू असताना गुडघ्याने त्याला थांबवलं. कोच झाल्यावर मात्र तो कुठेच फार काळ थांबला नाही. म्हणूनच ट्रॉफ्या अनेक देशांत आहेत, पण 'हा आमचा सोझा' म्हणणारं एक गाव नाही.