चंद्रावरील हवेची मोजदाद

शुद्ध अष्टमीच्या चंद्राकडे डोंबिवलीच्या गच्चीवरून दुर्बीण लावली, तर बिंबाआड जाणारी तारका मंदावत नाहीं, एकदम लोपते. कारण तेथें हवा जवळजवळ नाहींच.

ती 'जवळजवळ' किती, हें मोजण्यास अपोलो-१४ व १५ यांच्या वीरांनीं १९७१ सालीं चंद्रभूमीवर दाबमापकें ठेविलीं. दिवसां तापलेल्या यानांतून व सामानांतून सुटणारा वायुच त्यांत शिरे. रात्रीं थंडीनें ही गळती मंदावे. तेव्हां एका घनसेंटिमीटरांत सुमारें २ लक्ष कण आढळले. ठाण्याच्या हवेंत तेवढ्याच जागेंत सुमारें २५ वर १८ शून्यें इतके असतात. १९७२ सालीं अपोलो-१७ च्या यंत्रानें त्यांतील हेलियम व आर्गॉन ओळखले.

उतरणारें प्रत्येक यान आपला वायु तेथें मिसळतें. म्हणून मोजणी आधीं व्हावी, वस्ती मागाहून.